भिंगरीची उंची

फरशी बसवणाऱ्या त्या माणसाला सगळे ओळंबा म्हणत. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की पाणी प्यायच्या आधी तो भिंतीकडे बघे आणि "वाकडी आहे" म्हणून मोकळा होई. भिंत खरंच वाकडी निघे, त्यामुळे यजमानाला आणखी राग येई. त्याच्या शर्टाच्या खिशात टेप कायम असायचा आणि नाकाच्या शेंड्यावर राग. सिमेंट भिजवणाऱ्यावर राग, पाणी सोडणाऱ्यावर राग, आणि घरी आल्यावर मुलाच्या उंचीवर राग.

मुलगा हॉकी खेळायचा, अग्निशमन दलाच्या संघात, उजव्या कडेला. अंगाने एवढासा आणि पायात चक्र, म्हणून मैदानावर त्याचं नाव भिंगरी पडलं होतं. दलात तो कंत्राटी होता. अकरा महिने नेमणूक, एक महिना घरी, पुन्हा अकरा महिने. अशी सहा कंत्राटं झाली. सामने नसतील तेव्हा तो आगीवर जायचा, आणि अरुंद खिडकीतून आत शिरायचं असलं की सगळे त्यालाच पुढे करायचे. एकदा करंगळी मोडली तेव्हा बिनपगारी घरी बसला, कारण भरपगारी रजा कायम माणसांना. आणि कायम व्हायचं तर उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर हवी. दलाच्या दवाखान्यातली पट्टी दर वर्षी त्याला एकशे त्रेसष्ट दाखवायची. जळत्या घरात शिरायला बुटका चालतो, हजेरीपटावर चालत नाही, असला हा न्याय.

पण न्यायाला नावं ठेवायची सोडून ओळंबा घरच्यांवर उखडायचा. "तुझ्या माहेरचं खाणं-पिणं सगळं जमिनीत गेलं काय गं?" असं बायकोला म्हणायचा. मुलाला दाराच्या वरच्या पाइपाला लोंबकळायला लावायचा. पहिल्या वर्षी मायलेकांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता. त्याने ऐकून घेतलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

सुरुवातीला भिंगरीचा खेळ म्हणजे नुसती करामत होती. चार जणांना चकवायचा आणि पाचव्याच्या हातात चेंडू देऊन बसायचा. प्रशिक्षक कपाळाला हात लावायचे. "अरे, मान वर कर! गोल तिकडे आहे, तुझ्या बुटात नाही!" मग त्याने बापाच्या कामावरून उरलेल्या फरश्या मागच्या बोळात जोडीजोडीने उभ्या केल्या आणि दोन फरश्यांमधल्या वीतभर फटीतून, चेंडूकडे न बघता, पास काढायची सवय लावून घेतली. पहिल्या वर्षी एकवीस फरश्या फुटल्या. एकेका फरशीमागे ओळंब्याने एकेक भांडण केलं. गेल्या वर्षी दोनच फुटल्या. यंदा एकही नाही. भांडायला कारण उरलं नाही म्हणून की काय, यंदा तो पहिल्यांदाच अंतिम सामना बघायला गेला.

सामना बरोबरीत होता, चार मिनिटं उरली होती. दोन धिप्पाड बचावपटूंनी भिंगरीला कडेच्या रेषेवर कोंडलं. आता हा नेहमीसारखा बाहेरून वळणार, असं सगळ्यांना वाटलं. त्याने मान बाहेरच वळवली, खांदाही वळवला, आणि स्टिक उलटी करून चेंडू एकाच्या दोन पायांमधून आत सरकवला. पुढे उभ्या साथीदाराला नुसती स्टिक लावायची होती. गोल झाला. लोक उभे राहिले. ओळंबा मात्र बसूनच राहिला. त्या पायांमधली फट वीतभर होती, त्याने नजरेने मोजली होती.

"एकवीस फरश्या वसूल झाल्या," तो शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाला. डोळे भरून आले म्हणून मग त्या माणसावरच उगीच डाफरला.

जिंकल्यावर दलाच्या प्रमुखांनी जाहीर केलं, या वर्षी संघातले तीन खेळाडू कायम करायचे. प्रशिक्षकांनी पहिलं नाव भिंगरीचं दिलं. वयाची अट तिशीची, आणि भिंगरीला पुढच्या महिन्यात तीस वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. पुढे कंत्राटही मिळणार नव्हतं, कारण तिशीनंतर खेळाडूचं कंत्राट वाढवत नसत.

मोजणीच्या दिवशी सकाळी भिंगरी अंथरुणातून उठेना. "मी जात नाही," तो म्हणाला. "सहा वेळा त्या पट्टीखाली उभा राहिलोय. सातव्यांदा तो कारकून दात काढणार, ते मला बघायचं नाही."

"बापजन्मात असा पळपुटा पाहिला नाही!" ओळंबा ओरडला. "चल, मी येतो. बघतो कोण दात काढतो ते."

दवाखान्याची खोली लांबट होती. खिडकीशी एक टेबल, त्यामागे कारकून, आणि समोरच्या भिंतीला स्क्रूने बसवलेली पत्र्याची उंच पट्टी. भिंगरी बूट काढून तिला पाठ लावून उभा राहिला. कारकुनाने डोक्यावर लाकडी ठोकळा टेकवला, वाकून आकडा वाचला आणि खरंच हसला.

"एकशे त्रेसष्ट. काय राव, वर्षभर खत-पाणी घातलं नाही वाटतं?"

"हसता कशाला?" ओळंब्याचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला. "आगीत ढकलताना हसला होतात का? तेव्हा उंची मोजली होती का कुणी?"

"काका, आवाज खाली. पट्टी काय मी घरून आणली? सरकारी आहे."

सरकारी म्हटल्यावर ओळंबा गप्प झाला. एरवी देवाशीही भांडेल, पण सरकारी कागद, शिक्का, पट्टी यांपुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची. मान खाली गेली. आणि मान खाली गेली की त्याची नजर जाते तिथेच गेली, भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे.

तो उकिडवा बसला. पट्टीचं खालचं टोक जमिनीला लागलेलं नव्हतं. त्याखाली लाकडाची एक चपटी फळी होती, भिंतीच्या रंगाने रंगवलेली, त्यामुळे उभ्याने ती दिसतच नव्हती.

"हे लाकूड कशाला?"

"रंगकाम झालं तेव्हा लावलं. फरशी पुसताना पाणी लागून पत्रा गंजायचा, म्हणून पट्टी जरा वर घेतली."

ओळंब्याने खिशातून टेप काढला. लाकूड दोन सेंटिमीटर जाड होतं, अगदी बरोबर दोन.

मग त्याने जो आवाज काढला, तो ऐकून शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्यांनी खाली वाकून पाहिलं, ओळंब्याच्या हातातला टेप घेतला आणि भिंगरीला कोऱ्या भिंतीशी उभं करून स्वतः मोजलं. एकशे पासष्ट आणि वर दोन मिलिमीटर. त्यांनी तो आकडा लिहिला, सही केली.

"रंगकाम कधी झालं होतं?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"झाली असतील... सहा-सात वर्षं."

"सहा-सात वर्षं!" ओळंबा किंचाळला. "कंत्राटावर मरत होता हा! मोडक्या बोटाने घरी बसला! तुमचा पत्रा गंजू नये म्हणून माझं पोर गंजवलंत! तुम्हाला एका माणसालाही खाली वाकून बघावंसं वाटलं नाही?"

"झालं ना काम तुमचं?" कारकून पुटपुटला. "आता कशाला आरडाओरडा?"

ओळंबा टेबलाकडे झेपावणार तेवढ्यात भिंगरीने त्याचा दंड धरला आणि त्याला व्हरांड्यात आणलं. भिंगरीच्या चेहऱ्यावर ना हसू होतं ना राग.

"बाबा, त्यांना किती बोलाल?" तो म्हणाला. "मी तुम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. आईने दाराच्या चौकटीला लावून मोजलं होतं मला. एकशे पासष्ट भरलं होतं. तुम्ही म्हणालात, सरकारी पट्टी खोटी आणि तुझ्या आईची पेन्सिल खरी? दुसऱ्या दिवशी चौकटीला रंग मारलात."

ओळंब्याला ते आठवलं. रंगाची छटासुद्धा आठवली.

घरी आल्यावर त्याने बायकोला काही सांगितलं नाही. ते मुलाने सांगितलं. ती हसली, तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे न बघता आत निघून गेली. ओळंबा सिमेंट लावायच्या करणीचं टोक घेऊन चौकटीचा रंग खरवडत बसला. तिसऱ्या थराखाली पेन्सिलीची रेघ निघाली, आडवी, सरळ, बायकोच्या हातची. त्याने जमिनीपासून टेप लावला. एकशे पासष्ट आणि वर दोन मिलिमीटर.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती मोजल्या, आणि आपल्या पोराला कधी टेप लावला नाही. तो चौकटीपाशी तसाच उकिडवा बसून राहिला. अंगात राग मावत नव्हता, आणि तो काढायला या वेळी स्वतःशिवाय दुसरं कुणी उरलं नव्हतं.