अठरा उंदरांची पंगत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे तुमच्या हातात गरम चहा असेल आणि मी कोणाचे कपडे धुऊन देणार नाही. एका शिकलेल्या मुलीचं संशोधन आणि त्या संशोधनावर अडकलेलं तिचं लग्न, ही दोन्ही मी एका वाटी-चमच्याने बुडवली. तेही चांगल्या मनाने! वाईट मनाने केलं असतं तर इतकं नीट जमलंच नसतं.

मला सगळे लोटनभाऊ म्हणतात. मूळचा दोंडाईचाकडचा, राहायला नशिराबादला आणि कामाला जळगावच्या एका फार्मसी कॉलेजात. तिथे स्टोअरला बसतो. काचेच्या नळ्या, हातमोजे, कापूस, जो जे मागेल ते काढून द्यायचं.

पण माझी खरी ओळख स्टोअरची नाही. आमच्याकडे लग्नाची पंगत बसली की पहिली हाक मला! वरण-बट्टीवरचं तूप पहिल्या पानाला जेवढं, तेवढंच शेवटच्या पानाला पोचवणारा वाढपी म्हणून माझं नाव आहे. व्याह्याच्या पानात धार आणि गड्याच्या पानात थेंब, हा पंक्तिप्रपंच मला खपत नाही. एकदा एका लग्नात नवऱ्यामुलाचा मामा कानात म्हणाला, "ह्या रांगेला तूप सोडा, त्या रांगेला राहू द्या." मी बादली तिथेच खाली ठेवली. म्हटलं, "मामा, आता तुम्हीच वाढा." मामांनी वाढलंही. निम्मं स्वतःच्या धोतरावर वाढलं.

तर असा मी माणूस. आणि कॉलेजवाल्यांनी मला कुठे पाठवावं? प्राणीघरात!

झालं असं की तिथल्या माणसाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. संशोधन बघणाऱ्या सरांनी मला बोलावलं.

"लोटनभाऊ, तीन-चार महिने उंदीर सांभाळाल का?"

"सर, घरी इतकी वर्षं सांभाळतोच आहे की! इथे निदान पिंजऱ्यात तरी असतील."

सर हसले. मला वाटलं, सोपं काम आहे.

प्राणीघरात कविता मॅडम होत्या. सावद्याची मुलगी, केळीच्या बागाईतदाराची, पीएच.डी. करणारी. तीन पिंजरे, पिंजऱ्यात सहा-सहा पांढरेशुभ्र उंदीर. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हे अठरा उंदीर म्हणजे माझं लग्न आहे."

मी उंदरांकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं.

"अहो, तसं नाही! प्रबंध दिल्याशिवाय लग्न करणार नाही असं मीच सगळ्यांना सांगून बसलेय. धुळ्याचं स्थळ आहे. मुलगा थांबलाय बिचारा. पण त्याची आई दर रविवारी फोन करते आणि विचारते, 'उंदीर झाले का?'"

मग त्यांनी मला सगळं समजावलं. रक्तातली साखर पेशीत जायला दार असतं म्हणे. त्या दाराची किल्ली म्हणजे इन्सुलिन. सतत तुपकट आणि गोड खाल्लं की किल्ली असूनही कुलूप फिरत नाही, साखर रक्तातच फिरत बसते, आणि मधुमेह होतो. मॅडमचं नवीन औषध ते कुलूप सैल करतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. माणसावर एकदम कसं बघणार? म्हणून आधी उंदीर.

पहिल्या गटाला साधं खाणं. दुसऱ्या गटाला तुपकट खाणं. तिसऱ्या गटाला तुपकट खाणं आणि वर औषध. औषध मॅडम स्वतः पाजणार. खाणं मी घालायचं.

"पहिल्या गटाला फक्त ही गोळी. मोजून. लक्षात राहील ना भाऊ?"

"मोजूनच घालतो मॅडम. निर्धास्त राहा."

आता ही साधी गोळी कशी होती, सांगतो. तपकिरी, कडक, भुसा दाबून केल्यासारखी. आणि दुसरं खाणं? त्याच गोळीचा चुरा, त्यात वनस्पती तूप, खोबरेल तेल आणि साखर. मी पहिल्या दिवशी ते मळलं आणि हात आपोआप वळायला लागला. लाडूच की हो! बारा जणांना बारा लाडू, एकसारखे, गोल गरगरीत.

लाडू ठेवले. वळून बघतो तर पहिल्या पिंजऱ्यातले सहाही जण जाळीतून नाकं बाहेर काढून वास घेतायत! मिशा थरथरतायत! शेजारच्या पानात लाडू, आणि ह्यांच्या पानात भुसा!

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

मी आठवडाभर कळ काढली. रोज मान खाली घालून गोळ्या टाकायचो आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर यायचो. आठव्या दिवशी त्यातला एक दोन पायांवर उभा राहिला आणि पुढचे हात असे जोडले. आता उंदीर असे उभे राहतातच, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला तो माणूस पानावर बसून तूपवाल्याची वाट बघतोय असंच दिसलं.

मळताना थोडं जास्त मळलं. सहा छोटे लाडू झाले.

तुम्ही म्हणाल, मॅडमनी मोजून द्यायला सांगितलं होतं ना? अहो, दिलं की! गोळी मोजूनच दिली, एक चिमूटसुद्धा इकडे-तिकडे नाही. हे वरचं होतं. वरचं कोण मोजतं? आपल्याकडे जेवण म्हणजे मांडी घालून बसलेलं. उभ्याने तोंडात टाकलेलं जेवणात धरतात का? माझे सख्खे मेहुणे डॉक्टरसमोर छातीवर हात ठेवून सांगतात, "गोड पूर्ण बंद आहे." आणि सत्यनारायणाच्या शिऱ्याचे दोन द्रोण रिचवतात. प्रसाद तो! डॉक्टरला प्रसादाचा हिशेब कोण देतं?

मग काय, रोजचंच झालं. मॅडम दुपारी चारला गेल्या की मी वाटी-चमचा वाजवायचो. रविवारी दोनदा. अन् आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर कहरच! बायकोने खापरावर पुरणपोळ्या केल्या होत्या. मी डबा घेऊन निघालो तर म्हणाली, "आनि त्या उंदीरसले? सणना दिन त्यासले काय भुसा खावाडशात का? बठ्ठासले लई जा!"

बठ्ठ्यांना, म्हणजे सगळ्यांना, नेली. अठरा घास केले. वाटीत आमरससुद्धा! त्या दिवशी प्राणीघरात अशी शांतता होती, पंगत रंगात आली की होते ना, तशी.

आणि इथून गाडी घसरली.

मॅडम दर शनिवारी उंदरांचं वजन करायच्या आणि शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघायच्या. एका शनिवारी त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुढच्या शनिवारी दोन आठ्या. मग त्या सरांना घेऊन आल्या.

"सर, पहिल्या गटाचं वजन वाढतंय. साखरही."

"जास्त खात असतील."

"तेच तर! खाणं कमी झालंय, सर! रोज गोळ्या उरतायत. मी उरलेलं मोजते ना!"

बरोबर आहे. लाडू खाल्ल्यावर भुसा कोण खाईल?

सरांनी वजनकाटा बदलला. उंदीर तेवढेच जड. साखर मोजायचं यंत्र बदललं. साखर तेवढीच गोड. गोळ्यांच्या कंपनीला एक खरमरीत पत्र गेलं. कंपनीचा माणूस धावत आला, गोळी फोडून बघितली, स्वतः चावून बघितली आणि दात धरून परत गेला.

मग सरांनी मला विचारलं, "लोटनभाऊ, तुम्ही रोज इथे असता. तुम्हाला काही वेगळं दिसतंय?"

आणि मी, शहाण्याने, काय सांगावं? "सर, हवामान असेल. आपल्याकडचं ऊनच असं आहे, अंगाला लागतं."

हसू नका! सरांनी ते लिहून घेतलं! देवाशपथ, मला तेव्हाही कळलं नव्हतं. वजन आणि माझे लाडू ह्यांचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. मी मनात म्हणायचो, बिचारी पोरगी एवढी काळजीत आहे आणि उंदीर तर किती मजेत आहेत!

हळूहळू सरांच्या डोळ्यांत चमक यायला लागली. कमी खाऊन वजन वाढतं, हे जगात कोणी पाहिलंय का? हा काहीतरी नवाच प्रकार! मॅडमही खुलल्या. धुळ्याला फोन गेला की उंदरांनी कमाल केलीय, आता प्रबंध गाजणार. आणि खात्री करून घ्यायला सरांनी पुण्याहून एका मोठ्या प्राध्यापकांना बोलावलं.

प्राध्यापक आले. म्हातारे, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी कागद बघितले आणि प्राणीघरात येऊन पहिल्या पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"ह्यांना सांभाळतं कोण?"

सरांनी मला पुढे केलं. "हे आमचे लोटनभाऊ."

"छान ठेवलेत हो. अंगावर काय तकाकी आहे! काय काळजी घेता?"

झालं! आयुष्यात पुण्याच्या माणसाने पहिल्यांदा कौतुक केलं होतं. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण कुरकुरलं. म्हणालो, "साहेब, विशेष काही नाही. आपल्या हातून पंक्तिप्रपंच होत नाही. जे ह्या बाराला, तेच त्या सहाला! एक लाडू कमी नाही की जास्त नाही. आखाजीला तर पुरणपोळीसुद्धा सगळ्यांना सारखी!"

आणि कौतुक पुरं व्हावं म्हणून मी वाटीवर चमचा वाजवला. पहिल्या गटाचे सहाही जण धावत येऊन जाळीशी उभे राहिले, हात जोडून.

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. सरांच्या तोंडाकडे माझ्याने बघवेना. मॅडम स्टुलावर बसल्या.

"किती दिवस, भाऊ?"

"पहिला आठवडा सोडला तर... रोज."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, पहिला गट म्हणजे माझी मोजपट्टी होती. आजारी किती बिघडले आणि औषधाने किती सुधारले, हे मी त्यांच्यावरून मोजणार होते. तुम्ही मोजपट्टीच आजारी पाडलीत. आता सगळं पहिल्यापासून."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पोरीने दिवाळीनंतरचा मुहूर्त धरला होता, आणि मी लाडू वळत बसलो होतो. स्वतःचीच इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, "मॅडम, मी नोकरी सोडतो."

"नोकरी नका सोडू. फोन करा."

"कोणाला?"

"धुळ्याला. माझ्या सासूबाईंना तुम्हीच सांगा."

नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "झाले का उंदीर?"

"अक्का, मी कॉलेजातला लोटन. उंदीर झाले नाहीत. माझ्यामुळे राहिले. मी त्यांना नको ते जेवायला घातलं. लग्न पुढे ढकलावं लागेल. पोरीची काही चूक नाही."

"काय घालं खावाले?"

"लाडू. आणि आखाजीला पुरणपोळी."

मी डोळे मिटले. आता शिव्या बसणार! मग अक्कांचा आवाज आला, काळजीने भरलेला:

"नुसती पोई? रस नई दिन्हा?"

"दिला होता, अक्का. पण निम्मा जाळीवर सांडला."

"मंग ठीक शे," अक्का म्हणाल्या. "सणना दिन कोनी उपाशी नको राहाले. पोरले सांगा, आम्ही थांबसूत."

फोन स्पीकरवर होता. प्राध्यापक आधी हसले, मग सर, आणि शेवटी रडता रडता कविता मॅडमही हसल्या. पण नवे उंदीर आले आणि प्रयोग पुन्हा झाला तो झालाच. ह्या खेपेला प्राणीघराची किल्ली मॅडमच्या गळ्यात असायची आणि मला दारापासून दहा पावलं लांब उभं राहायची आज्ञा होती. औषधाने खरंच साखर उतरली. माणसाच्या गोळीपर्यंत पोचायला अजून बरीच वर्षं लागतील म्हणतात, पण प्रबंध पूर्ण झाला.

पुढच्या उन्हाळ्यात सावद्याला लग्न! मी सहकुटुंब हजर. पंगत बसायला लागली तशी मी सवयीने बाह्या सरसावल्या, तर मॅडमच्या भावाने दंडाला धरून मला पानावरच बसवलं. म्हणाला, "ताईनं सांगितलंय, आज तुम्ही नुसतं बसायचं."

मन भरून आलं. केवढा मान!

वाढपी आले. शेजारच्या पानात बट्टी, वरण, तुपाची धार, वांग्याची भाजी, जिलबी. माझ्या पानात एक बट्टी. कोरडी. वरणवाला पुढे गेला. तूपवाला पुढे गेला. जिलबीवाल्याने तर माझ्यावरून ताट असं उंच उचलून नेलं! मी हाक मारणार, तेवढ्यात नवरा-नवरी पंगतीत आग्रह करायला आले. शालू नेसलेल्या मॅडम माझ्या पानासमोर वाकल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"भाऊ, सावकाश होऊ द्या. तुम्ही पहिल्या गटात आहात."

सगळी पंगत खदखदून हसली. माझी बायको तर पदर तोंडात कोंबून हसत होती. मी मान खाली घातली आणि कोरडी बट्टी चावायला लागलो. म्हटलं, भोगायलाच पाहिजे.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या वरपक्षाच्या एका आबांना माझी दया आली. त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, आपल्या पानातली जिलबी उचलून हळूच माझ्या बट्टीखाली सरकवली आणि म्हणाले, "खाई ले भो, कोनी दखत नई."

आता तुम्ही विचाराल, मी नको म्हणालो का?

अहो, उंदरांनी तरी कुठे म्हटलं होतं?