दादाच्या दुकानातला आईचा आवाज

आमचा दादा जुने स्टिरिओ जुळवायचा. कोणाकडे वडिलांच्या वेळचा रिसीव्हर असायचा, रेडिओ आणि अँप्लिफायर एकातच, लाकडी पेटीचा, पुढे चंदेरी पट्टी, आत हिरवा दिवा, आणि त्याचे स्पीकर कधीच फाटून गेलेले. कोणाकडे नुसते स्पीकर, कापडी जाळीचे, एकट्याला उचलवणार नाहीत असे. लोक असं अर्धं घेऊन यायचे आणि दादा त्याला दुसरं अर्धं शोधून द्यायचा. दुकानाच्या तिन्ही भिंतींना स्पीकर रचलेले, मधे बाक, मागे पडद्याआड एक छोटी खोली. तो म्हणायचा, अशक्त अँप्लिफायरच्या गळ्यात जड स्पीकर बांधला तर तो तापणार, धापा टाकणार, आणि नाव स्पीकरचं खराब.

पण नुसती ताकद जुळून भागत नाही, आवाजही जुळावा लागतो. त्यासाठी बाकीचे दुकानदार गाणी लावायचे. दादा आई लावायचा.

म्हणजे खरंच आई. ती असताना त्याने एक जुना टेप डेक आणला होता आणि माइक चालतो का बघायला स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. आईने त्याला असा झाडला की बस. "सगळ्या घराचं दुकान केलंस. सरक, सांडशी दे, सांडेल सगळं." आईचा पुढचा एक दात पडलेला, त्यामुळे तिच्या प्रत्येक स ला बारीक शिट्टी वाजायची. ती सगळी त्या कॅसेटमधे आली. आई गेल्यावर तिचा आवाज म्हणून तेवढाच उरला. फोटो काढून ठेवायचं सुचतं माणसाला, आवाज धरून ठेवायचं कोणाला सुचतं?

दादाचं गणित साधं. शिट्टी ऐकू आली नाही तर स्पीकर मंद. शिट्टी कानात घुसली तर स्पीकर तिखट. आणि आई उंबऱ्यात उभी राहून बोलतेय असं वाटलं की जोडी जमली.

नवीन गिऱ्हाईक दचकायचं. "कोण रागावतंय हो?"

"आई. तुम्हाला नाही, मला."

एक गृहस्थ तर 'सरक' ऐकून खरंच बाजूला झाले. दादा म्हणाला, "बघा, जोडी पास."

आमची अक्का, आम्हा तिघांतली मधली. दादाने लग्न केलं नाही, अक्काचं टिकलं नाही, म्हणून दोघं जुन्या घरात एकत्र. मी धाकटी, माझा संसार दुसरीकडे. अक्का रोज दुपारी दादाचा डबा घेऊन जायची. डबा हे निमित्त. ती आईला ऐकायला जायची.

"अरे, किती वेळा लावतोस," ती म्हणायची. "झिजेल ना. कॉपी तरी काढून ठेव."

"कॉपीत आई पातळ होते," तो म्हणायचा. विषय संपला.

अशी वर्षं गेली, आणि मग तक्रारी यायला लागल्या. पहिले आले दाताचे डॉक्टर. "अहो, दिवसभर दवाखान्यात ते दात कोरायचं मशीन माझ्या कानाशी असतं. घरी येऊन तुमचा सेट लावला तर तोच आवाज." दादा म्हणाला, "डॉक्टर, तुमचे कान थकलेत." मग शिंपी आला, त्याची बायको म्हणे सेट लावला की उठून दुसऱ्या खोलीत जाते. दादाने त्यालाही वाटेला लावलं. "लोकांना दबक्या आवाजाची सवय झालीय गं," अक्काला म्हणाला. पण बाकावर माणसं कमी दिसायला लागली. ज्याच्या कानावर सगळे डोळे मिटून विश्वास ठेवायचे, त्याच्याबद्दल लोक हळू आवाजात बोलायला लागले.

अक्काला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी दादा बाहेर गेलेला बघून ती कॅसेट घरी घेऊन आली. घरात दादाने सगळ्यात आधी जुळवलेला सेट होता, आई असतानाचा. त्यावर आई कशी वाजते ते अक्काला पाठ. लावली. आई बोलली, पण तोंडावर पदर धरून बोलावं तशी. 'सरक' ऐकू आलं, शिट्टी नाही. सेट बिघडला असेल म्हणून तिने गाण्याची नवी कॅसेट लावली. ती लख्ख वाजली.

मग तिच्या ध्यानात आलं. कॅसेट झिजली होती. आई दर दिवशी थोडी थोडी मंद होत होती, आणि तिची शिट्टी परत यावी म्हणून दादा आणखी तिखट, आणखी तिखट स्पीकर निवडत होता. त्याच्या दुकानात आई बरोबर वाजायची, आणि बाकी सगळं लोकांच्या कानाला टोचायचं.

हे त्याला सांगायचं कसं? आई गेली हे एकदा सांगून झालं होतं. तेच दुसऱ्यांदा सांगायचं.

दुसऱ्या दिवशी तिने डबा ठेवला, शेजारी कॅसेट ठेवली आणि म्हणाली, "दादा, आईची शिट्टी गेली रे."

"कुठे गेली? हे ऐक." त्याने लावली.

"ही तुझ्या स्पीकरची शिट्टी आहे. आईची नाही. घरी चल."

डबा तसाच राहिला. दादा कॅसेट घेऊन घरी आला, चपला घालूनच सेटपुढे बसला. एकदा ऐकलं, पूर्ण. मग बंद केलं.

"मेल्यावरसुद्धा तिला बसू दिलं नाही मी," तो म्हणाला. "रोज उभं केलं दुकानात."

अक्का आत गेली. पाणी आणून दिलं.

त्यानंतर दादा घरोघर गेला. डॉक्टर, शिंपी, आणखी कोण कोण, सगळ्यांचे स्पीकर बदलून दिले. डॉक्टर म्हणाले, "आता बरं वाटतंय. पण आई नाही का लावणार?"

"आई घरी असते आता."

पण जोड्या लावायच्या कशावर? दादाने पडद्यामागच्या खोलीत माइक ठेवला आणि अक्काला बसवलं. आधी तिने समोर येऊन बोलायचं, मग आत जाऊन माइकवर. बाहेर तीच अक्का वाजली की जोडी जमली. अक्का काय बोलणार? नळाला पाणी आलं नाही, दादाने छत्री हरवली, असलंच. गिऱ्हाईकं खूश.

"टेप झिजते. तू झिजत नाहीस," दादा म्हणायचा.

"मीपण झिजते रे. तुझं लक्ष कुठे असतं?"

शेवटी तोच आधी गेला. महिना होत आला.

परवा एक माणूस दुकानात आला, अँप्लिफायर काखेत घेऊन. दादाने त्याला स्पीकर काढून ठेवले होते, ऐकायचं तेवढं राहिलं होतं. अक्काने तारा जोडल्या, रोज बघून बघून येत होतं तिला. मग आत जाऊन माइकवर बोलली. बोलता बोलता पडदा सारून बाहेर धावली ऐकायला. बाहेर येईपर्यंत आवाज थांबलेला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. त्या माणसाला हसावं की नाही कळेना.

"छान येतोय आवाज," तो म्हणाला.

"छान नको. माझा आहे का, तेवढं सांगा."

"मला कसं कळणार बाई? आजच भेटतोय तुम्हाला."

 अक्काने बाक पुढे ओढला आणि म्हणाली, "बसा. आधी मला नीट ऐकून घ्या, मग आत जाते."

आणि समोर बसून त्याला दादाचं सांगायला लागली.