जहाज गेल्यावर

निखिलचा फोन आला तेव्हा मी हॅरिस पार्कमध्ये मिठाईच्या दुकानासमोर गाडी लावायला जागा शोधत होतो. "डॅड इज गॉन," तो म्हणाला. मग मराठीत सांगितल्याशिवाय ते खरं होणार नाही अशा आवाजात म्हणाला, "बाबा गेले, दादा." मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला. मी पुढे गेलो, वळलो, पुन्हा त्याच रस्त्यावर आलो. सुधाकर पेठे, निखिलचे वडील आणि आमचे पेठेकाका, गेले होते आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आली ती एक फिल्म. त्यांना नीट दाखवायची माझ्याकडून राहून गेलेली फिल्म... त्या फोनला आता काही आठवडे झाले. ती फिल्म अजून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

विद्यार्थी म्हणून सिडनीत आलो तेव्हा आम्ही चौघं मित्र हॅरिस पार्कमध्ये एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. काका रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर होते आणि आमच्या कितीतरी आधी मिरजेहून इथे आलेले. रविवारी ते आम्हाला गाडीत कोंबून घरी जेवायला न्यायचे. काकूंच्या हातची आमटी पोटात गेली की आम्ही पेंगायला लागायचो, आणि नेमकं तेव्हाच काका म्हणायचे, "चला, गॅरेजमध्ये." त्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नाही. ती बिचारी बाहेर उन्हात. आत भिंतीवर पांढरा पडदा, कुठून कुठून जमवलेल्या खुर्च्या, आणि एका फ्रेममध्ये भरघोस मिशांचा, डोळे किंचित मिटलेला एक इंग्रज. काकू त्याला 'आमचे पाहुणे' म्हणायच्या. "पाहुणे आले आणि राहिलेच," असं म्हणून हसायच्या. लहानपणी निखिल त्याला 'डॅड्ज डेड पॉम' म्हणायचा; पॉम म्हणजे इथल्या बोलीत इंग्रज.

तो पेनफर्ड. मूकपटांच्या अगदी सुरुवातीच्या काळातला इंग्लंडमधला निर्माता आणि दिग्दर्शक. आज त्याचं नाव कुणाला सांगून कळत नाही. समुद्रकाठच्या एका गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. एका जत्रेत त्याने हलणारी चित्रं पाहिली, घरी आला, आणि गॅसच्या नळ्या बसवणाऱ्या एका मित्राला हाताशी धरून स्वतःच कॅमेरा बनवला. काका हे सांगायला लागले की त्यांचा आवाज खाली जायचा, जणू कुणीतरी शेजारच्या खोलीत झोपलंय. पेनफर्डने काचेच्या छपराचा स्टुडिओ बांधला. ऊन असेल तेव्हा शूटिंग, ढग आले की सगळे जण बागेत चहा पीत बसणार. त्याची बायको कधी परी व्हायची, कधी चोरामागे धावणारी स्वयंपाकीण. गावातल्या मुली भिंग लावून एकेका चौकटीत हाताने रंग भरायच्या. फिल्मच्या प्रती जगभर जायच्या. पुढे लांबलचक चित्रपटांचे दिवस आले, प्रती विकण्याऐवजी भाड्याने देण्याची पद्धत आली. याला ते पटलं नाही. स्टुडिओ गेला. म्हातारपणी तो पुन्हा समुद्रकाठी उभा राहून सहलीला आलेल्या लोकांचे फोटो काढायचा. "पण बघ हं अजय," काका म्हणायचे, "चेहऱ्यावर खंत आहे का त्याच्या? अजिबात नाही." मी त्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहायचो. मला तेव्हा फक्त झोप दिसायची.

निवृत्तीनंतर काका चित्रपट संग्रहालयात विनामूल्य काम करायला लागले. ऑस्ट्रेलिया हा तेव्हाच्या फिल्म्सचा शेवटचा थांबा होता, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. गावोगाव दाखवून झिजलेली रिळं जहाजाने परत पाठवणं कुणालाच परवडत नसे, म्हणून ती इथेच राहून गेली, एखाद्या शेडमध्ये, सभागृहाच्या माळ्यावर. "आपल्यासारखीच," काका म्हणायचे. अशाच एका दूरच्या गावात, जुन्या प्रोजेक्टरवाल्याच्या नातीकडे बिस्किटांच्या डब्यात, त्यांना पेनफर्डची एक फिल्म सापडली. जगात दुसरी प्रत नाही, फक्त जुन्या सूचीत नाव. संग्रहालयाने प्रत्येक चौकट स्कॅन केली आणि त्याची एक प्रत काकांना दिली. तो दिवस मला आठवतो. फोनवर ते फिल्मचं नाव पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

फिल्ममध्ये घडतं ते एवढंच. बंदराचा धक्का, परदेशी निघालेलं जहाज, रुमाल हलवणारी माणसं. जहाज निघून जातं. इथे दुसऱ्या कुठल्याही कॅमेरावाल्याने हात थांबवला असता, कारण कोरी फिल्म महाग. पेनफर्ड थांबला नाही. तो हॅण्डल फिरवतच राहिला आणि मागे राहिलेली माणसं धक्क्यावरून कशी परत जातात ते त्याने टिपलं. "मला तेच बघायचंय रे," काका म्हणाले होते. "मी निघालो तेव्हा आई विमानतळावर काचेच्या पलीकडे उभी होती. मी कागदपत्रांच्या गडबडीत. वळून पाहिलं तेव्हा मध्ये लोक आले होते. ती तिथून कशी गेली, कधी गेली... मला ठाऊक नाही. पुढे मी परत मिरजेला जायच्या आत तीच गेली."

मी जाहिरातींच्या एडिटिंगचं काम करतो. म्हणून ती फिल्म त्यांनी माझ्यावर सोपवली. त्यासाठी ते मुद्दाम माझ्या घरी आले होते. "सावकाश चालव हं. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, आजच्या वेगाने लावलीस तर माणसं पळत सुटतील." मी मान डोलावली. मला हे माहीत होतं. माझा धंदाच तो आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती दाखवायचं ठरलं. लहान मुलांचा नाच आणि लकी ड्रॉ यांच्यामध्ये जेमतेम जागा मिळाली. योग्य वेगाने फिल्म त्यात बसत नव्हती. कापायची म्हटली तर शेवटच कापावा लागला असता. मग मी ती आजच्या वेगाने लावली. एक बटण, बस. मला वाटलं, निदान सगळी तरी दिसेल.

सभागृहात अंधार झाला आणि पडद्यावर माणसं टुणटुण उड्या मारत रुमाल हलवायला लागली. मुलं खिदळली. मग मोठेही. जहाज सटकन निघून गेलं, आणि धक्क्यावरची गर्दी वारूळ फुटल्यासारखी पांगली. काळ्या टोपीतली एक म्हातारी चार पावलं पुढे, चार मागे, पुन्हा पुढे अशी धावली, आणि सगळं सभागृह हसून लोटपोट झालं. मी लॅपटॉपपाशी उभा होतो. मी काकांकडे पाहिलं नाही. लाइट लागल्यावर कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली, "काय हसवलंत काका! सॉलिड!" काका म्हणाले, "थँक यू, थँक यू," आणि खुर्चीवरची आपली शाल उचलून तिची घडी घालत राहिले.

गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "पुन्हा एकदा नीट लावशील? आपण दोघंच बघू."

"करतो काका. पुढच्या वीकेंडला."

काम तासाभराचंसुद्धा नव्हतं. पण त्या शनिवारी मुलीची मॅच होती, नंतरच्या शनिवारी एका क्लायंटची घाई, मग कुणाचं तरी बार्बेक्यू. खरं सांगायचं तर कारण ते नव्हतंच. त्या गॅरेजमध्ये त्यांच्या शेजारी बसून ती म्हातारी मला बघायची नव्हती. काकांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी एकदा जरी टोमणा मारला असता तरी मी त्याच दिवशी गेलो असतो, असं स्वतःला सांगतो, आणि त्यातही दोष त्यांच्याच माथी जातो हे कळतं. हॉस्पिटलमध्ये भेटलो तेव्हा ते खिडकीतल्या निलगिरीकडे पाहत पडले होते. माझ्या मुलीची चौकशी केली, मॅचमध्ये दुखावलेल्या तिच्या गुडघ्याची. मी म्हटलं, "काका, फिल्म तयार आहे. घरी आलात की बघू." ती तयार नव्हती. ते हसले आणि डोळे किंचित मिटले.

दिवस झाल्यावर मी निखिलला सगळं सांगितलं. "नो वरीज, मेट," तो म्हणाला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "मॉमला दाखव. मी पण येतो."

दुपारी गॅरेजचं शटर ओढून घेतलं. खालच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत येत होती. काकू, निखिल आणि मी. कुणी कुठे बसायचं ते ठरेना, मग काकूच म्हणाल्या, "बसा रे कुठेही, सगळ्या खुर्च्या ह्यांच्याच." मी फिल्म सुरू केली, पेनफर्डच्या हाताच्या वेगाने.

रुमाल हलत होते, पाण्याखाली काही हलावं तसे. जहाज इतकं हळू निघालं की ते निघालंय हे आधी धक्क्यावरच्या चेहऱ्यांवरून कळलं. मग रिकामं पाणी. आणि मग ती माणसं... ती पांगलीच नाहीत. उभी राहिली. कुणी टोपी हातात घेऊन, कुणी दुसऱ्याच्या दंडाला धरून. दोघं-तिघं निघाली, थांबली. काळ्या टोपीतली म्हातारी काही पावलं चालली आणि परत वळली. जहाजाचा दोर ज्या खुंटाला बांधलेला होता त्याच्यापाशी आली. त्याच्यावर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. पुन्हा निघाली. पुन्हा आली. मिरजेच्या एका बाईला, काकांच्या आईला, मी कधी पाहिलेलं नाही, पण...

"हीच का ती, लोक हसले ती?" काकूंनी विचारलं.

"हो."

पडदा पांढरा झाला होता. मग काकू म्हणाल्या, "ह्यांना दाखवायला हवी होतीस, अजय."

"हो काकू."

त्यांनी पदराने चष्मा पुसला, परत लावला. "चला," त्या म्हणाल्या, "चहा ठेवते."

आणि बसून राहिल्या. निखिलही उठला नाही. शटरखालची उन्हाची पट्टी सरकत सरकत एका रिकाम्या खुर्चीच्या पायापर्यंत आली, आणि आम्ही तिघंही तिथेच होतो.