बिडी न ओढणारी मावशी

अख्ख्या गोरेगावात बिडी-सिगारेटचा माझ्या मावशीइतका कट्टर शत्रू दुसरा सापडायचा नाही. जिन्यात कुणी काडी ओढली की ही तिसऱ्या मजल्यावरून खेकसायची, "ए, फुप्फुसं काय भाड्याने आणलीस?" जावयालासुद्धा तिने एकदा पानटपरीवरून कॉलर धरून घरी आणलं होतं. आणि हीच बाई दर रविवारी दारं-खिडक्या लावून तव्यावर तंबाखू भाजायची, दाताला लावायच्या मशेरीसाठी. खिडक्या का लावायच्या, तर शेजारी ओरडतात म्हणून! तो तिखट धूर सगळा हिच्याच नाकातोंडात. ठसका लागला की खूश व्हायची, "माल कडक आहे, झकास होणार." शिवाय संध्याकाळी धूप, झोपताना उशाशी डासांची कॉईल, आणि समोरच्या पाडकामाची धूळ फुकटात. मी सांगून सांगून थकलो. "मी कधी बिडी ओढली का रे?" या एका प्रश्नापुढे माझं काही चालत नसे.

पुढे ती दर मजल्यावर जिन्यात बसायला लागली, तेव्हा कशीबशी समजूत घालून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "धूम्रपान करता?" असं विचारताच मावशी उठून उभीच राहिली. "चांगल्या घरातली बाई आहे मी!" तिला परत खाली बसवता बसवता मलाच धाप लागली. मग लहानपणच्या चुलीपासून रविवारच्या मशेरीपर्यंत सगळं मीच सांगितलं, आणि नळीत फुंकायची तपासणी झाली. गाल फुगले, डोळे लाल झाले, पण श्वास काही धड बाहेर पडेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, बिडी नाही ओढलीत, पण धूर ओढलातच ना? आधी चुलीचा, मग मशेरीचा. आतल्या नळ्या आकसल्यात. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळू."

येताना आम्ही रिक्षा केली. आता घरी पोचेपर्यंत मशेरीवरून भांडण होणार, या विचारानेच मला शीण आला. पण ती हळूच म्हणाली, "माझी आई पण अशीच धापा टाकत गेली रे. तिची मशेरी मीच भाजायचे. ती शेजारी बसून सांगायची, पोरी, अजून थोडी काळी होऊ दे."

"आजीचं वय झालं होतं गं."

"माझ्याहून लहान होती ती, जाताना."

मी तिचा हात धरला. इतकी वर्षं हा एक वाद मला जिंकायचा होता. त्या दिवशी जिंकलो, आणि मला फार वाईट वाटलं.