किल्ली कोणाकडे?

आमच्या पेन क्लिनिकमध्ये माणसं दुखणं घेऊन येतात आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवून जातात. क्लिनिक शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही! गुडघेदुखीवाल्यांनी यावरून आम्हाला काय काय ऐकवलंय, ते इथे लिहिता येणार नाही.

मी इथली समुपदेशक. सगळे उपाय थकले की डॉक्टर अफूच्या जातीच्या गोळ्यांचा विचार करतात. त्या वर्षानुवर्षं घ्यायच्या, म्हणून आधी पेशंट माझ्याकडे येतो. दारू? व्यसन? घरात कोण कोण? आणि शेवटचा प्रश्न ठरलेला, "गोळ्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे राहील?"

एक निवृत्त हेडमास्तर आले होते. मी म्हटलं, "सर, दुखण्याला दहापैकी किती मार्क द्याल?"

"सात. पेपर कितीही चांगला असला तरी सातच्या वर मी कधी गेलो नाही."

त्यांना घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते. मी मुकाट्याने नऊ धरले.

एका गृहस्थांना विचारलं, "दारू घेता?" ते म्हणाले, "सणासुदीला."

शेजारून बायको म्हणाली, "आमच्याकडे रोजच दिवाळी असते हो!"

दारू आणि ही गोळी एकत्र पोटात गेली तर झोपेतच श्वास थांबू शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि आधी दारू सोडा म्हणाले. गृहस्थ तणतणत जिना उतरले. बायको मागे थांबली आणि पदर तोंडाला लावून रडली. "मी सांगून थकले," एवढंच म्हणाली.

विश्रांतवाडीच्या एका आजींना विचारलं, "दुखणं कमी झालं तर काय करायचंय?" कोणी देवदर्शन म्हणतं, कोणी नातवंडं.

आजी म्हणाल्या, "भांडायचंय. सुनेशी बसून भांडलं की मी हरते. उभं राहता आलं पाहिजे!"

पुढच्या खेपेला सूनच आत आली. "अहो, डोस जरा कमी करता येईल का?"

एकदा मात्र या प्रश्नांवरून एक पेशंट डॉक्टरांवरच भडकला. "चोर समजता का मला? तुमचा सख्खा भाऊ आला असता, तर त्यालाही हेच विचारलं असतं?"

"भावाला नव्हतं विचारलं," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तुम्हाला विचारतोय."

मग त्या माणसाने खुर्ची पुढे ओढून सगळं खरं सांगितलं.

आता सुमनकाकू. मणक्याचं ऑपरेशन झालेलं, तरी पाठ टेकून झोपता येत नव्हतं. मुलगा अमोल सोबत आलेला. "घरात व्यसन कोणालाच नाही," काकू ठणकावून म्हणाल्या.

"आई खोटं बोलतेय," अमोल म्हणाला. "मला होतं. असल्याच गोळ्यांचं. सुटून वर्ष होत आलंय."

काकू उठायलाच लागल्या. "मग मला नकोत त्या गोळ्या. पाठीची सवय झालीय मला."

"मॅडम, तिला द्या," तो म्हणाला. "फक्त किल्ली कुठे असते ते मला कळू देऊ नका."

शेवटी डॉक्टरांनी ठरवलं. गोळ्या थोड्या थोड्याच द्यायच्या, किल्ली शेजारच्या वहिनींकडे ठेवायची, आणि त्यांनीच सकाळ-संध्याकाळ येऊन गोळी काढून द्यायची. दर खेपेला इथे स्ट्रिपमधल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या. एक गोळी जरी कमी भरली तरी औषध बंद! काकूंची झोप गेली असती आणि मुलगाही.

काही महिने सगळं नीट चाललं. परवा काकू दोन्ही जिने न थांबता चढून आल्या. मला इतका आनंद झाला! सहज विचारलं, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

"त्या होय? लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्यात. मागच्या खेपेनंतर लगेचच."

"मग किल्ली कोणाकडे?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. बाहेर अमोल त्यांच्या चपला सरळ करून ठेवत होता.

"ज्याला द्यायची नव्हती, त्याच्याकडे."

मी घाईघाईने स्ट्रिप मोजल्या. पुन्हा मोजल्या. सगळ्या बरोबर होत्या.

"मोजा हो तुम्ही," काकू म्हणाल्या. "मी एकदाही मोजल्या नाहीत."