खळ लावून बंद केलेला धडा

"डबा उंबऱ्याबाहेर ठेव. तूही बाहेरच बस."

विज्ञानाच्या मेष्ट्रुंनी एवढंच सांगितलं आणि दार अर्धं लोटून घेतलं. मेष्ट्रु म्हणजे मास्तर. बंगळुरात आमच्या मराठी घरातही हाच शब्द. मी व्हरांड्यात फरशीवर बसले. पुढ्यात वर्गाची सगळी विज्ञानाची पुस्तकं आणि आमच्या घरच्या खळीचा डबा. मी आठवीत होते.

शाळा मल्लेश्वरमची, सरकारी मदतीवर चालणारी. आम्ही राहायचो चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, चपला शिवायचे. आमचं घराणं पलटणीचे जोडे शिवायला कधीतरी इकडे आलं आणि इथंच राहिलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. गल्लीतली एकही मुलगी आठवीपर्यंत पोचली नव्हती. मी पोचले होते, आणि मला मॅट्रिक व्हायचंच होतं. दुसरं काही मला नको होतं.

त्या वर्षी सरकारचं विज्ञानाचं नवं पुस्तक आलं. त्यात एक धडा होता. जीव कसे बदलत गेले, माणूस कुठून आला. शाळेची कमिटी खवळली. आमची पोरं माकडाची अवलाद? पानं फाडावीत तर इन्स्पेक्टर विचारणार. म्हणून ठरलं की धड्याची पानं एकमेकांना चिकटवून टाकायची आणि त्या तासाला उत्पत्तीची आपली गोष्ट सांगायची. आपली म्हणजे त्यांची. आता चिकटवायचं कोणी, तर मेष्ट्रुंना मी आठवले.

"तुमच्या घरी खळ असते ना? घेऊन ये. चिकटव पण तूच. तुम्हाला सवय असते."

सांगायची लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. एवढ्या मुलांतून मेष्ट्रुंनी मला निवडलं, असं मला वाटलं. मी आईच्या मागे लागून ताजी खळ शिजवून घेतली. मैदा दोनदा चाळला. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलं. अण्णा चपलेच्या अस्तराला लावायचे तीच खळ, एकही गुठळी नसलेली. दुपारभर मी पानन् पान कडेपर्यंत चिकटवलं, वरून तळवा फिरवून सुरकुत्या काढल्या. काम चोख झालं. मूर्ख होते मी.

काम झाल्यावर मेष्ट्रु बाहेर आले. पुस्तकांना हात न लावता म्हणाले, "उन्हात वाळू देत. मग दुसरी पोरं आत नेतील." त्या "दुसरी"चा अर्थ मला लगेच कळला. घरी जाताना मी डबा गटारात उपडा केला.

दुसऱ्या दिवशी तो तास होता. मेष्ट्रुंनी चौघांना पुढे बोलावलं. कमिटीच्या अध्यक्षांच्या मुलाला खुर्चीवर उभं केलं. हा ब्रह्मदेवाचं तोंड. दुसरा स्टुलावर, हा बाहू. तिसरा जमिनीवर उभा, ह्या मांड्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहून फरशीकडे बोट दाखवलं. मी खाली बसले.

"ही पाय," मेष्ट्रु म्हणाले. "शास्त्रानं पाहिलं तर हिला इथंही जागा नाही. पण सरी, स्वल्प चालवून घेऊ."

वर्ग हसला. सरी म्हणजे ठीक आहे, स्वल्प म्हणजे थोडंसं. मला माणसात धरायचं म्हणून त्यांनी थोडंसं चालवून घेतलं. माझ्या डोक्याशी त्या तिसऱ्या पोराचे गुडघे होते. मी फरशीच्या भेगेकडे बघत राहिले आणि दात आवळून धरले. त्या दिवसापासून मला नाव पडलं, कालु. कन्नडमध्ये कालु म्हणजे पाय. पाणी प्यायला गेले तरी मागून हाक यायची, "ए कालु!"

संध्याकाळी आईनं चुलीवर भात चढवला होता. अण्णांच्या हातून एखादं अस्तर वाकडं बसलं की ते वाफेवर धरून सोडवायचे. मी माझं पुस्तक काढलं आणि भाताच्या वाफेवर धरलं. आई म्हणाली, "अगं, काय करतेस?" मी पुस्तक उलटसुलट करून वाफ देत राहिले. आमची खळ आमचं ऐकते. पानं एकेक करून सुटली, थोडी फुगली, पण फाटलं एकही नाही.

मी तो धडा वाचला. मग अण्णांना मराठीत सांगितला. एक चित्र होतं. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर. हाडं तीच, कुठं लांब, कुठं आखूड. अण्णांनी हातातली आरी खाली ठेवली आणि चित्रावर स्वतःचा हात धरून बोटं ताडून पाहिली.

"मी मल्लेश्वरमच्या सगळ्या मोठ्या लोकांच्या पायांची मापं घेतलीत," ते म्हणाले. "सगळ्यांना पाचच बोटं. भोवऱ्या, कुरूपं पण त्याच जागी." मग घाबरले. "पण आता मीट ते अक्का. नाव काढतील तुझं शाळेतून."

मला ते लाडानं अक्का म्हणत. मी पुस्तक मिटलं, पण झोपेपर्यंत डोकं तापलेलं होतं. त्या धड्यात कुणी कुणाच्या तोंडातून आलं नव्हतं. कुणी कुणाचा पाय नव्हता. माकडाशी नातं जोडलं म्हणून ही माणसं खवळली, असं मला वाटत होतं. खोटं आहे ते. माकड त्यांनी चालवून घेतलं असतं, माकडाला ते नमस्कार करतातच. त्या धड्यात मी त्यांची नातेवाईक निघत होते. ते त्यांना चालणार नव्हतं.

पंधरा दिवसांनी कमिटी वर्ग बघायला आली. अध्यक्ष टेबलाशी बसले. मेष्ट्रुंनी तोच देखावा पुन्हा मांडला. खुर्ची, स्टूल, जमीन. मग मला म्हणाले, "बस."

मी उभी राहिले.

"बस खाली."

"बसणार नाही."

माझा आवाज चिरका निघाला. मी दप्तरातून पुस्तक काढलं आणि सुटलेली पानं टेबलावर उघडून ठेवली.

"कुणी उघडलं हे?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी चिकटवलं होतं. मीच उघडलं. ह्यात मी कुणाचा पाय नाही."

मेष्ट्रुंनी रूळ उचलला. हातावर, पाठीवर, मोजले नाहीत मी. अध्यक्षांनी टेबलावरचं पुस्तक रुमालानं धरून खाली टाकलं. त्याच दिवशी माझं नाव कमी झालं. दाखल्यावर शेरा होता, वर्तणूक वाईट. तो दाखला पाहून दोन शाळांनी मला दारातूनच परत पाठवलं. तिसरीनं एक वर्ष वाया घालवून मला घेतलं. अण्णा रडले. मी मॅट्रिक झाले, पुढे शिकले, आणि सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आता मुलं मलाच मेष्ट्रु म्हणतात.

आणि काल आमच्या हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं. पुस्तक तेच, थोडं सुधारलेलं, धडाही तोच. पालकांची तक्रार आहे म्हणाले. गोड बोलले.

"दोन्ही बाजू सांगा ना बाई. हे शास्त्र, ती श्रद्धा. मुलांना निवडू दे."

मी विचारलं, "त्या दुसऱ्या बाजूत मी कुठं बसायचं? खुर्चीवर की फरशीवर?"

ते कागद चाळायला लागले. मग म्हणाले, बदली होऊ शकते तुमची. चेहरा अजून गोडच होता. मला त्या गोड चेहऱ्यापेक्षा मेष्ट्रुंचा रूळ बरा वाटला.

श्रद्धा ज्यानं त्यानं आपल्या घरात ठेवावी, तिथं मी शिरत नाही. पण सरकारच्या शाळेत, सरकारच्या फळ्यासमोर, ती गोष्ट विज्ञान म्हणून मी सांगणार नाही. तिच्यात एका मुलीला खाली बसावं लागतं. मी बसलेय तिथं. ती फरशी मला पाठ आहे.

माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर झाडूवाल्याची पोरगी बसते. आज मधल्या सुट्टीत मी तिचं पुस्तक मागून घेतलं आणि पानं तपासली. सगळी सुटी आहेत. उद्या तो धडा तिनंच उभं राहून मोठ्यानं वाचायचा. बदलीचा कागद त्यांनी खुशाल काढावा. जिथं टाकतील तिथं मी हाच धडा आधी घेईन.