जिवंत अळीचा फोटो

वैशाली चोर होती.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. वर्षभर नाही बोलले. आज तिचं वर्षश्राद्ध. मोहोपाड्याला जाऊन आले, आणि आता गप्प बसवत नाही.

आम्ही दोघी एकाच लॅबमध्ये पीएचडीला. ती मोहोपाड्याची, मी पोशीरची, जिल्हा एकच. परक्या शहरात एवढं नातं पुरतं.

आमचं काम सूत्रकृमींवर. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, पारदर्शक अळ्या. त्यांच्या पेशींभोवती गुंतागुंतीच्या साखरेचं आवरण असतं. ते जिवंत अळीतच बघायचं होतं.

अळीला जराशी बदललेली साखर खाऊ घालायची, त्या साखरेलाच चिकटणारा चमकता रंग द्यायचा, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा.

गोची एकच. ही अळी मरताना आपोआप चमकते.

वैशालीचे सुरुवातीचे सगळे फोटो मरणाऱ्या अळ्यांचे. आणि बाई खूश!

"अगं, ही साखर नाय. ही गेली!" मी म्हटलं.

मग मी नियम केला. फोटो झाला की अळी परत प्लेटवर सोडायची. ती चालायला लागली तरच फोटो ठेवायचा, नाहीतर डिलीट.

असे कितीतरी देखणे फोटो मी उडवले. वैशाली वैतागायची. "उजू, तू या अळ्यांची सासू हायस."

शेवटी एक मिळाला. प्रत्येक पेशीभोवती हिरवी कड, आणि अळी आरामात चालत गेली. आम्ही लॅबमध्ये नाचलो होतो.

पुढे भातलावणीला मी घरी आले आणि वैशाली कॉन्फरन्सला गेली.

तिच्या टॉकचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला. स्क्रीनवर मी काढलेला तो फोटो. आणि ही सांगतेय, "मग मी एक नियम केला."

मी?

माझं नाव कुठेच नाही. टाळ्या तिला, बक्षीस तिला. आयत्या बिळावर नागोबा.

विचारलं तर म्हणाली, "अगं, वेळ कमी होता."

नाव घ्यायला किती वेळ लागतो गं?

त्यानंतर आम्ही बोललो नाही. मग खालापूरजवळ हायवेवर तिचा अपघात झाला. भांडण तसंच राहिलं.

आज तिच्या घरी बघते तर भिंतीवर तोच फोटो, फ्रेम करून. मी तिथेच थबकले.

तिची आई खिरीची वाटी घेऊन आली. "बघतेस काय गं बाय? तुजाच हाय ना तो? वैशूनं लावताना सांगितलं मला. आये, हे उजूचं काम, नियम पन तिचाच."

मी वाटी हातात घेतली. पानावर बसले.

म्हणजे वैशू, तू विसरली नव्हतीस. चुकून झालं नव्हतं. जिथे खरं बोलून तुझं काहीच जाणार नव्हतं, तिथे खरं बोललीस. बाहेर मात्र केसानं गळा कापलास.

एक फोन करायचास ना वैशू. मी भांडले असते, रडले असते, आणि शेवटी माफ केलं असतं. मला ओळखत होतीस की तू.

निघताना काकूंच्या पाया पडले. हार घातलेल्या तुझ्या फोटोला हात नाही जोडले.

जोडीन कधीतरी. आज राग आहे.

तू शांत राहा.